व्हॅम्पायरकथा आणि वर्ण

मेल्यावरही वावरणाऱ्या आणि माणसाच्या रक्तावर जगणाऱ्या पात्राच्या कादंबऱ्या, चित्रपट व मालिका यांतील वर्णविचार. युरोपीय परंपरेत हे पात्र बहुधा फिकट गोरे आणि खानदानी असते. कोकण, गोवा व कारवार पट्ट्यात त्याचा भाऊबंद म्हणून दाखवला जाणारा वेताळ मात्र ग्रामदैवत आहे. दोघांचे नाते जुळवले ते इंग्रजी अमदानीत.

वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. गोव्यात आमोणे आणि कारवारच्या सीमेजवळचे लोलये येथे बेताळाची, म्हणजे वेताळाचीच, स्थाने आहेत. कथेतला वेताळही मानेला दात लावत नाही, राजाला कोड्यात पकडतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत आणलेल्या ‘वेताळपंचविशी’त तो असाच आहे.

मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेल्या रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये याच कथा ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने इंग्रजीत मांडल्या आणि मथळ्यातच वेताळाला व्हॅम्पायर करून टाकले. त्यांचा वेताळ फांदीला उलटा लोंबकळतो. त्याचे केस तपकिरी, चेहराही तपकिरी. बरगड्या मोजून घ्याव्यात, अंग सापासारखे गार, मागे बोकडाची तोकडी शेपटी. रक्त म्हणाल तर त्याच्या अंगात असल्याचेच दिसत नाही. भाषांतराच्या नावाखाली बर्टन यांनी इथे बरेच पदरचे घातले आहे.

ब्रॅम स्टोकर यांचा ‘ड्रॅक्युला’ १८९७ चा. हा काउंट निस्तेज गोरा, लालभडक ओठांचा आणि सुळे बाहेर आलेला. तरीही इंग्रजांच्या लेखी पूर्वेकडून आलेला परका. लंडनमध्ये खपून जावे म्हणून तो इंग्रजी बोली घोटतो. साम्राज्याने इतरांचे जे केले ते आपल्यावर उलटेल, ही धास्ती समीक्षक स्टीफन अराटा यांनी १९९० मध्ये या कादंबरीत दाखवून दिली. नट हेन्री आयर्व्हिंग यांच्यावरील १९०६ च्या आठवणींत स्टोकर बर्टन यांच्या सावळ्या चेहऱ्याचे आणि बोलताना चमकणाऱ्या सुळ्याचे वर्णन रंगून करतात. तेवढ्यावरून बर्टन हेच ड्रॅक्युलाचे मूळ ठरत नाहीत. पण वेताळाला व्हॅम्पायर म्हणणाऱ्याच्याच तोंडात सुळा दिसावा, हा योग गमतीचा खराच.

याच काळात रक्तशोषणाची प्रतिमा मुंबईच्या राजकारणातही होती. हिंदुस्थानचे रक्त काढायचेच तर ते बेताने काढावे, अशा आशयाचे लॉर्ड सॉल्झबरी यांचे १८७५ चे टिपण दादाभाई नौरोजी वारंवार पुढे करत. सॉल्झबरी यांनीच १८८८ मध्ये दादाभाईंना ‘काळा माणूस’ म्हटले. वास्तविक दादाभाई चांगलेच गोरे होते. वर्ण कातडीवर ठरत नाही, सत्तेवर ठरतो, याचा इतका स्वच्छ दाखला व्हॅम्पायरकथांतही विरळा.

मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे. भय मराठी मुलखात उतरते आणि वर्णाचा मुद्दा आपोआप गळतो. रामसे बंधूंच्या ‘बंद दरवाजा’ (१९९०) मध्ये काउंटची जागा काली पहाडीतला नेवला नावाचा रक्तपिपासू घेतो. ती भूमिका करणाऱ्या अनिरुद्ध अगरवाल यांचा धिप्पाड देह आणि रापट चेहरा हेच त्याचे भांडवल. विलायती उमरावाचा गोरेपणा गेला, तरी ‘काळे ते भेसूर’ हे समीकरण शाबूत राहिले.

‘बेताल’ (२०२०) या नेटफ्लिक्स मालिकेने पारडे फिरवले. तिथे आदिवासी गावाजवळच्या बोगद्यातून बाहेर पडणारे जिवंत मुडदे म्हणजे कंपनी सरकारचे लाल डगलेवाले गोरे शिपाई. अमेरिकेत हा उलटा डाव ‘ब्लॅक्युला’ (१९७२) या चित्रपटापासून सुरू झाला. ऑक्टाव्हिया बटलर यांच्या ‘फ्लेजलिंग’मध्ये (२००५) नायिकेची काळी त्वचाच तिला उन्हात तग धरू देते, तर ‘ट्वायलाइट’मालेत त्याच सुमारास व्हॅम्पायर होणे म्हणजे पांढरे पडणे असते.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘थामा’ (२०२५) मध्ये बेताळ पुन्हा देशी आहेत. पण ते जंगलात टोळीने राहतात आणि नायक शहरातून तिथे जाऊन पोहोचतो. गोऱ्या-काळ्याची जागा शहर आणि रान या भेदाने घेतली आहे, आणि चित्रपट या भेदाकडे फारसा वळत नाही.