पवित्र शास्त्रातील स्त्रिया आणि आपल्या आज्या

आपल्या समाजाची मूळकथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. कोकण किनाऱ्यावर नवगावजवळ गलबत फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे डेव्हिड रहाबी नावाचे विद्वान गृहस्थ आले. हे लोक खरोखर इस्राएली आहेत काय, हे पाहण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या जातींचे मासे स्त्रियांपुढे ठेवून रांधावयास सांगितले. स्त्रियांनी पर व खवले असलेले मासे घेतले आणि बाकीचे बाजूस सारले, अशी परंपरा आहे.

ही कथा सांगताना आपण रहाबींचे नाव घेतो. परंतु परीक्षा दिली ती स्त्रियांनी. त्या काळी आपणाजवळ तोराचा ग्रंथ नव्हता. लेवीय पुस्तकातील नियम चुलीपाशी, आईकडून मुलीकडे आला होता. त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव आज कोणास सांगता येत नाही.

ग्रंथ मागाहून आले. १८४६ साली मुंबईत पेसाहची हग्गादा मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ सालच्या पुण्याच्या हग्गादात मत्सा तयार करणाऱ्या स्त्रियांचे चित्र आहे. त्या साडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८८० साली डेव्हिड हाईम दिवेकर प्रभृतींनी मुंबईत आपल्या समाजात कीर्तनाची प्रथा सुरू केली, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा साकी-दिंडीच्या चालींवर घरोघर पोहोचल्या. ज्यांना वाचता येत नव्हते, त्या आपल्या आज्या-पणज्यांना शास्त्र समजले ते अशा श्रवणाने.

परंतु ऐकणे निराळे आणि स्वतः वाचणे निराळे. कीर्तनकार ज्या व्यक्तीचे आख्यान लावील, तिच्यावरच श्रोत्यांचे लक्ष राहते. शास्त्र स्वतः उघडले म्हणजे कडेला उभ्या असलेल्या स्त्रियाही दिसू लागतात.

मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले, म्हणून निर्गम पुस्तकातील शिप्रा व पुवा या दोन सुइणींकडे माझे लक्ष प्रथम जाते. इब्री स्त्रीला मुलगा झाला तर त्यास जन्मतःच मारा, अशी फारोची आज्ञा होती. त्यांनी ती मानली नाही, कारण त्यांना देवाचे भय होते. जाब विचारला गेला तेव्हा त्यांनी सांगितले की, इब्री बाया सुईण येण्यापूर्वीच बाळंत होतात. राशी म्हणतात की या दोघी म्हणजे योखेबेद व मिर्यामच. काहींच्या मते त्या मिसरी होत्या. या दोन सुइणींची नावे शास्त्राने लिहून ठेवली आणि त्या बलाढ्य फारोचे नाव मात्र तेथे नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुसरी हन्ना. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. म्हणून एली याजकास ती प्यालेली वाटली. तिने नम्रपणे, पण स्पष्ट उत्तर दिले. अमीदा हळू आवाजात कशी म्हणावी, हे तालमूदातील रब्बी तिच्यावरूनच शिकवतात. रोश हशानाच्या पहिल्या दिवशी तिची कथा सभास्थानात वाचली जाते.

तिसरी हुल्दा. योशिया राजाच्या काळी मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. त्याविषयी परमेश्वरास विचारण्यासाठी राजाने आपली माणसे पाठविली. यिर्मया संदेष्टा त्याच काळातला. तरी प्रमुख याजक गेला तो हुल्देकडे. ग्रंथातील शब्द खरे ठरतील, हे एका स्त्रीने सांगितले.

आपल्या समाजातील स्त्रियांच्या हाती विद्या आली तेव्हा त्यांनीही मोठी कामे केली. रिबेका रूबेन १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आल्या व पुढे मुंबईच्या आपल्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. १९१३ साली मुंबईत स्त्री मंडळ स्थापन झाले. डॉ. जेरुशा झिराड लंडनला आल्या आणि १९१९ साली एम.डी. झाल्या. येथे त्यांचा परिचय लिली माँटेग्यू यांच्याशी झाला. या बाईंनी १९१८ साली लंडनच्या लिबरल सभास्थानात प्रवचन केले होते. त्यांच्या साहाय्याने डॉ. झिराड यांनी १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. १९२८ ते १९४७ पर्यंत कामा इस्पितळाची धुरा वाहणाऱ्या या बाईंना प्रसूतिगृह आणि प्रार्थनागृह ही दोन्ही सेवेचीच ठिकाणे वाटली असावीत.

आता आम्हा वेम्बलीकरांचे, आणि इस्राएल, मुंबई येथील आपलेही कर्तव्य सांगते. आपल्या नातींना इंग्रजी किंवा हिब्रू येते; मराठी वाचता येत नाही. आई-आजीच्या पदांच्या वह्या ट्रंकेत पडून आहेत. त्या बाहेर काढाव्या. शब्बाथच्या दुपारी नातीने तिच्या भाषेत शास्त्रातील एक अध्याय वाचावा आणि आजीने त्याच कथेचे पद म्हणून अर्थ सांगावा. वहीच्या पहिल्या पानावर ती कोणाची, कोणत्या गावची, पद कोणत्या प्रसंगी म्हणत, हे लिहून ठेवावे. मासे निवडणाऱ्या त्या स्त्रियांची नावे गेली ती गेली. निदान आपल्या आज्यांची नावे तरी राहोत, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना. आमेन.