न्यूरेंबर्ग : तटबंदीच्या आतले चार किलोमीटर

न्यूरेंबर्ग हे नाव जगाच्या स्मरणात राहिले ते मुख्यतः नाझी युद्धगुन्हेगारांवरील खटल्यामुळे. मात्र त्याआधीची कित्येक शतके हे शहर पवित्र रोमन साम्राज्याच्या मानाच्या शहरांपैकी एक होते. बव्हेरिया राज्यातील पाच लाखांहून अधिक वस्तीचे हे शहर म्युनिकपासून जलद रेल्वेने तास-सव्वातासाच्या अंतरावर आहे. त्याचा जुना भाग अजूनही बऱ्याच अंशी मध्ययुगीन तटबंदीने वेढलेला आहे. रेल्वे स्थानकापासून किल्ल्यापर्यंत आणि पुन्हा स्थानकापर्यंतचा फेरा साधारण चार किलोमीटरचा होतो. हाताशी नकाशा असला, तर वाटाड्याची गरज भासत नाही. नुसते चालायचे तर तीन-चार तास पुरतात. वस्तुसंग्रहालये पाहायची असतील, तर पूर्ण दिवस राखून ठेवावा.

स्थानक ते नदी

मुख्य रेल्वे स्थानकासमोरचा रस्ता ओलांडताच तटबंदीचा भव्य गोल बुरूज दिसतो. तेथून क्योनिगश्ट्रासे या रस्त्याने सरळ गेल्यास सेंट लॉरेन्झ चर्च लागते. पेग्निट्झ नदीने जुन्या शहराचे दोन भाग केले असून, दक्षिणेकडील भाग या चर्चच्या नावाने, तर उत्तरेकडील भाग सेंट झेबाल्ड चर्चच्या नावाने ओळखला जातो. लॉरेन्झ चर्चमध्ये दोन कलाकृती आवर्जून पाहाव्यात. आडाम क्राफ्ट याने १४९३ ते १४९६ या काळात घडविलेला सुमारे २० मीटर उंचीचा पाषाणी मनोरा ही त्यांतील पहिली. त्याच्या तळाशी गुडघे टेकून मनोऱ्याचा भार पेलणाऱ्या मूर्तींपैकी एक मूर्ती खुद्द शिल्पकाराची मानली जाते. दुसरी कलाकृती म्हणजे फाइट श्टोस याने १५१७-१८ मध्ये कोरलेले, छताला टांगलेले काष्ठशिल्प. देवदूत मेरीला ख्रिस्तजन्माची वार्ता सांगतो, तो हा प्रसंग.

पुढे पुलावर क्षणभर थांबावे. उजव्या हाताला नदीच्या पात्रावर कमानी टाकून उभे असलेले पवित्र आत्म्याचे रुग्णालय दिसते. चौदाव्या शतकात कोनराड ग्रोस या धनिकाने ते वृद्ध व आजारी लोकांसाठी स्थापन केले. सम्राटाचा मुकुट, तलवार इत्यादी राजचिन्हे १४२४ ते १७९६ या काळात न्यूरेंबर्गच्या ताब्यात होती आणि ती याच रुग्णालयाच्या चर्चमध्ये जपली जात.

येथून पूर्वेकडे नदीकाठाने जाणाऱ्या पायवाटेला लिओ काट्झेनबर्गर यांचे नाव दिले आहे. जोड्यांचे व्यापारी असलेले काट्झेनबर्गर येथील ज्यू समाजाचे प्रमुख होते. एका जर्मन तरुणीशी संबंध ठेवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. तो दोघांनीही नाकारला होता. तरीही न्यूरेंबर्गच्या विशेष न्यायालयाने मार्च १९४२ मध्ये त्यांना देहदंड सुनावला आणि जूनमध्ये त्याची अंमलबजावणी झाली. युद्धानंतर, १९४७ मध्ये, हा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला याच शहरात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले आणि जन्मठेप झाली. नऊ वर्षांनी तो सुटला. शहरातील मुख्य सिनेगॉग याच परिसरात होते. ते नाझींनी ऑगस्ट १९३८ मध्येच, म्हणजे देशभरातील सिनेगॉग जाळली जाण्याच्या तीन महिने आधी, पाडून टाकले.

बाजारचौक

पूल ओलांडल्यावर हाउप्टमार्क्ट हा विस्तीर्ण बाजारचौक लागतो. येथील फ्राउएनकिर्शे चर्चवरील घड्याळात रोज दुपारी १२ वाजता सात राजनिर्वाचक सम्राटाभोवती तीन प्रदक्षिणा घालतात. चौथ्या कार्ल सम्राटाने १३५६ मध्ये काढलेल्या ‘सुवर्ण आज्ञापत्रा’चे हे स्मारक. नव्याने निवडून आलेल्या राजाने आपली पहिली राजसभा न्यूरेंबर्गमध्ये भरवावी, असा दंडक त्या आज्ञापत्राने घालून दिला होता.

या सुंदर चौकाचा पाया मात्र रक्तरंजित आहे. येथे पूर्वी ज्यूंची वस्ती होती. बाजारासाठी ती पाडण्याची परवानगी याच सम्राटाने १३४९ मध्ये दिली आणि त्या वर्षी ५ डिसेंबरला ५६२ ज्यूंची हत्या झाली. चर्च उभे आहे ते त्यांच्या सिनेगॉगच्या जागेवर. सहा शतकांनी नाझींनी या चौकाला हिटलरचे नाव दिले आणि तेथे त्याला पथकांच्या मानवंदना झडू लागल्या. आज तेथे भाजी, फळे, फुले विकली जातात आणि डिसेंबरात जगप्रसिद्ध नाताळबाजार भरतो.

चौकाच्या कोपऱ्यातील ‘सुंदर कारंजे’ सुमारे १९ मीटर उंच असून त्यावर ४० मूर्ती आहेत. मूळ कारंजे चौदाव्या शतकाच्या अखेरचे. आज दिसते ती त्याची प्रतिकृती आहे. त्याच्या जाळीतील पितळी कडे फिरविल्यास इच्छा पूर्ण होते, अशी समजूत असल्याने तेथे नेहमी गर्दी असते.

किल्ल्याकडे

चौकातून चढ सुरू होतो. डावीकडील झेबाल्ड चर्चमध्ये पेटर फिशर व त्याच्या मुलांनी १५०८ ते १५१९ या काळात ओतलेले संत झेबाल्डचे पितळी स्मारक आहे. समोरच्या जुन्या नगरभवनाच्या तळघरात मध्ययुगीन अंधारकोठड्या आहेत. टेकडीवरील कायझरबुर्ग किल्ल्यात एकावर एक बांधलेली दुहेरी प्रार्थनागृहे आणि खडकात खोदलेली सुमारे ५० मीटर खोल विहीर पाहण्याजोगी आहे. तटावरून लाल छपरांचे अवघे शहर नजरेत येते.

यांतील बहुतेक छपरे १९४५ नंतरची आहेत. त्या वर्षी २ जानेवारीच्या हवाई हल्ल्यात जुन्या शहराचा सुमारे ९० टक्के भाग उद्ध्वस्त झाला. पुनर्बांधणी करताना जुन्या रस्त्यांची आखणी आणि घरांच्या उतरत्या छपरांची ठेवण बव्हंशी कायम राखण्यात आली. निवडक वास्तू तेवढ्या हुबेहूब उभारल्या गेल्या. फाइट श्टोसच्या काष्ठशिल्पासह अनेक कलाकृती वाचल्या त्या किल्ल्याखालच्या खडकातील भुयारांमुळे. पोलंडमधील क्राको येथून नाझींनी लुटून आणलेली श्टोसचीच प्रचंड वेदीही तेथेच सापडली आणि १९४६ मध्ये परत पाठविण्यात आली.

गोव्याहून निघालेला गेंडा

किल्ल्याच्या पायथ्याशी आल्ब्रेख्त ड्यूररचे घर आहे. १५०९ पासून १५२८ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा थोर चित्रकार येथे राहिला. त्याच्या सर्वाधिक गाजलेल्या काष्ठमुद्राचित्राचा संबंध गोव्याशी आहे. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला होता. आल्बुकर्कने तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने रवाना केला आणि मे महिन्यात तो लिस्बनला पोहोचला. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कोणीतरी पाठविलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याने चिलखत घातल्यासारखा गेंडा काढला. त्याच्या पाठीवर नसलेले एक छोटे शिंगही त्याने बसविले. पुढची दोन-अडीच शतके युरोप गेंडा ओळखत होता तो याच चित्रावरून. खरा गेंडा मात्र पोपकडे नजराणा म्हणून जात असताना १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

परतीची वाट

येथून वाइसगेर्बरगासे या गल्लीतून उतरावे. चर्मकारांची जुनी लाकडी चौकटीची घरे येथे युद्धातूनही वाचली आहेत. पुढे नदीवर ‘फाशीगाराचा पूल’ लागतो. नगराचा फाशी देणारा इतरांपासून वेगळा, या पुलालगतच्या घरात राहत असे.

फेऱ्याचा शेवट कार्टॉयझरगासे या रस्त्यावर करावा. येथे १८५२ मध्ये स्थापन झालेले जर्मानिक राष्ट्रीय संग्रहालय आहे. मार्टिन बेहाइमचा १४९२-९४ मधील पृथ्वीगोल, म्हणजे आज अस्तित्वात असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल, ही या संग्रहालयाची शान. त्यावर हिंदुस्थान आहे, अमेरिका नाही. संग्रहालयासमोर इस्रायली शिल्पकार डॅनी कारवान यांनी साकारलेला ‘मानवी हक्कांचा मार्ग’ १९९३ मध्ये खुला झाला. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील ३० कलमांसाठी येथे २७ पांढरे स्तंभ, जमिनीत बसविलेल्या दोन शिला आणि एक ओक वृक्ष आहे. प्रत्येक कलम जर्मनसोबत जगातील आणखी एका भाषेत कोरले आहे. ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे १९३५ मध्ये ज्या शहरात संमत झाले, तेथे ही कलमे वाचताना पावले आपोआप मंदावतात. स्थानक येथून काही मिनिटांवर आहे.

काही सूचना

वेळ असल्यास भुयारी रेल्वेने बेरेनशान्झे स्थानकाजवळील न्यायभवनात जावे. नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६ या काळात खटला चालला ते ६०० क्रमांकाचे दालन तेथे आहे. २०२० पर्यंत या दालनात नेहमीचे खटलेही चालत. वस्तुसंग्रहालयांना बहुधा सोमवारी सुटी असते आणि रविवारी दुकाने बंद राहतात. रस्ते दगडी फरसबंदीचे असल्याने पायांत मजबूत बूट हवेत. येथील बोटाएवढे सॉसेज डुकराच्या मांसाचे असतात. शाकाहारी पर्यटकांनी ब्रेत्सेल हा पाव किंवा मध, सुकामेवा आणि मसाल्यांनी युक्त असा लेबकूखेन चाखावा. लेबकूखेनमधील दालचिनी, लवंग, वेलदोडा हा माल एकेकाळी पूर्वेकडून व्हेनिसमार्गे या शहरात येत असे.