मतपेटी आणि सत्ता : दक्षिण आफ्रिका, १९८४

निवडणूक झाली म्हणजे लोकशाही आली, असा एक भाबडा समज आहे. वास्तविक दडपशाही राजवटींनाही निवडणुका हव्या असतात. शोषिताने रांगेत उभे राहून दिलेली संमती त्यांना बंदुकीपेक्षा स्वस्त पडते. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास याला साक्ष आहे.

पी. डब्ल्यू. बोथा यांच्या गोऱ्या सरकारने १९८३ साली नवी राज्यघटना आणली. २ नोव्हेंबरला सार्वमत झाले. मतदार फक्त गोरे. सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी होकार दिला. संसदेला तीन सभागृहे मिळाली : गोऱ्यांचे १७८ सदस्यांचे, संमिश्रवर्णीयांचे ८५, भारतीय वंशीयांचे ४५. बहुसंख्य काळ्या आफ्रिकनांना एकही जागा नाही! सभागृहांत मतभेद झालाच, तर निकाल ६० जणांच्या मंडळाने द्यायचा. त्यात गोऱ्या सभागृहाचे २०, संमिश्रवर्णीयांचे १०, भारतीयांचे ५ आणि राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले २५. मते कुणालाही पडोत, निर्णय गोऱ्यांचाच राहणार होता.

हे आमिष ज्यांच्यासाठी होते, त्यांनीच ते ओळखले. २० ऑगस्ट १९८३ रोजी केपटाऊनच्या मिचेल्स प्लेन वस्तीत ‘युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट’ उभी राहिली. चर्च, कामगार, विद्यार्थी, महिला यांच्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. ऑगस्ट १९८४ मध्ये नोंदलेल्या संमिश्रवर्णीय मतदारांपैकी सुमारे ३० टक्के, तर भारतीयांपैकी सुमारे २० टक्केच मतदानाला गेले. ३ सप्टेंबरला घटना अमलात आली. त्याच दिवशी शार्पव्हिल, सेबोकेंग या काळ्या वस्त्यांत भाडेवाढीविरुद्ध उठाव पेटला.

आत शिरून लढू, असे म्हणणारेही होते. संमिश्रवर्णीयांच्या लेबर पार्टीचे नेते ॲलन हेन्ड्रिक्स मंत्री झाले. १९८७ साली ते पोर्ट एलिझाबेथला गोऱ्यांसाठी राखीव समुद्रकिनाऱ्यावर पोहले. बोथांनी त्यांना माफी मागायला लावली. त्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडले. त्या खुर्चीची किंमत एवढीच होती.

एप्रिल १९९४ मध्ये सर्वांना समान मत मिळाले, तेव्हा लोक तासन् तास रांगांत उभे राहिले. मताचे मोल त्यांना ठाऊक होते, म्हणूनच दहा वर्षांपूर्वी त्यांनी ते फुकट दिले नव्हते.

म्हणून कोणतीही निवडणूक तपासताना मतदानाची टक्केवारी पुरेशी नाही. मतदार कोण, वगळलेले कोण, आणि सत्ताधारी हरू शकतो काय, हे आधी विचारले पाहिजे.