टाच आधी की चवडा? धावणं मोजण्याचा इतिहास

मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून "तुझी टाच आधी टेकते, म्हणून गुडघा दुखतो" असं सांगणारं कुणीतरी तुम्हाला भेटलं असेलच. या वाक्यात दोन विधानं आहेत. टाच आधी टेकते, हे व्हिडिओत दिसतं. 'म्हणून' मात्र त्यात कुठेच दिसत नाही. तुम्ही संशोधनाला लागणार असाल तर हा इतिहास जरूर बघा, कारण त्या 'म्हणून'पर्यंत पोचायला या विषयाला शंभराहून जास्त वर्षं लागली.

सुरुवात एका बुटापासून करू. एतिएन-ज्यूल मारे हा पॅरिसमधला शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १८७३ च्या 'ला मशीन आनिमाल' या पुस्तकात त्यानं एक बूट दाखवलाय. त्याच्या तळाला रबरात हवेची पोकळी. पाय टेकला की हवा दाबली जाणार, तो दाब नळीतून धावणाऱ्याच्या हातातल्या यंत्रापर्यंत जाणार आणि तिथे फिरत्या दंडगोलावर रेघ उमटणार. म्हणजे माणूस स्वतःचा आलेख हातात धरून पळतोय! पाय जमिनीवर किती वेळ होता आणि दोन्ही पाय हवेत किती वेळ होते, हे त्या रेघेवरून वाचता यायचं.

पुढे १८८० च्या दशकात मारे फोटोकडे वळला. पूर्ण काळा पोशाख, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या, मागे काळा पडदा, आणि एकाच काचेवर ठरावीक अंतरानं अनेक फोटो. माणूस गायब, फक्त सरकणाऱ्या रेषा शिल्लक. आजच्या मोशन कॅप्चर लॅबमध्ये अंगाला चिकटवतात ते चकाकणारे गोळे याच घराण्यातले. सैनिकानं कसं चाललं की तो कमी दमेल, हाही या कामामागचा एक प्रश्न होता. कामगिरी सुधारायची इच्छा तेव्हापासूनची आहे.

लाइपझिगच्या ब्राउन आणि फिशर यांनी तर चिकाटीची हद्द केली. (त्यांचा विषय चालण्याचा, पण पद्धत धावण्याच्या अभ्यासालाही तीच लागली.) शरीराचा गुरुत्वमध्य काढण्यासाठी आधी गोठवलेल्या मृतदेहांवर काम, मग जिवंत माणसाच्या अंगावर चमकणाऱ्या गाइसलर नळ्या बांधून अंधारात चार कॅमेऱ्यांनी फोटो. प्रत्यक्ष चालणं मोजक्या पावलांचं, त्याचं गणित मात्र वर्षानुवर्षं हातानं. ब्राउन १८९२ मध्ये वारला; पुस्तकाचे भाग १८९५ ते १९०४ असे येत राहिले. डेटा क्लीनिंगला महिना लागला म्हणून रडताना मला हे दोघं आठवतात.

मग फोर्स प्लेट आली, म्हणजे जमिनीत बसवलेला, बळ मोजणारा पत्रा. १९८० मध्ये कॅव्हना आणि लाफॉर्च्यून यांनी १७ धावपटूंना त्यावरून पळवलं. टाचेवर उतरणारे आणि पावलाच्या मधल्या भागावर उतरणारे यांचे आलेख स्पष्ट वेगळे निघाले. हे वर्णन उत्तम होतं. इजेबद्दल त्यातून काही सिद्ध होत नव्हतं.

खरी गडबड २०१० नंतरची. लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की अनवाणी, चवड्यावर उतरणाऱ्यांना बूट घालून टाचेवर उतरणाऱ्यांपेक्षा सुरुवातीचा धक्का कमी बसतो. यामुळे काही इजा टळत असतील, असं त्यांनी जपून लिहिलं होतं. लोकांनी 'असतील' गाळलं आणि बूट काढले. २०१३ मध्ये हटाला यांच्या गटानं उत्तर केनियातल्या दासनाच समाजाच्या, कायम अनवाणी वावरणाऱ्या ३८ जणांना मोजलं. सोयीच्या वेगात त्यातले ७२ टक्के टाचेवरच उतरले! वेग वाढला तसे बरेच जण पुढच्या भागाकडे सरकले. एका गटावरून 'माणूस मुळात असा धावतो' म्हणणं किती धोक्याचं, ते इथे दिसतं.

आता 'म्हणून'कडे येऊ. आधीच दुखणाऱ्या माणसाची ढब मोजली तर एक पेच पडतो: ढबीमुळे दुखलं, की दुखतंय म्हणून ढब बदलली? त्यामुळे आधी मोजा आणि मग वाट बघा. डेव्हिस यांच्या गटानं २०१६ मध्ये हेच मांडलं. टाचेवर उतरणाऱ्या २४९ महिला धावपटूंचा दोन वर्षं पाठपुरावा झाला. ज्यांना कधीच इजा झाली नव्हती, त्यांच्यात धक्क्याचा भार कमी होता. लक्षात घ्या, सगळ्याच टाचेवाल्या. फरक पाऊल किती जोरात आपटतं याचा होता.

मग हाँगकाँगचा २०१८ चा प्रयोग: ३२० नवखे धावपटू, चिठ्ठी टाकावी तसे दोन गट. दोघांनीही दोन आठवड्यांत ट्रेडमिलवर आठ सत्रं केली, पण एकाच गटाला समोरच्या पडद्यावर स्वतःचा धक्का दिसत होता आणि 'हलकं उतरा' एवढीच सूचना होती. पुढच्या वर्षभरात इजा झाल्या त्या गटात १६ टक्क्यांना, दुसऱ्यात ३८ टक्क्यांना. पण तक्ता नीट वाचा. शिकवलेल्या गटात गुडघ्याच्या आणि तळव्याच्या तक्रारी घटल्या, पोटरीच्या आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनच्या मात्र जास्त निघाल्या. हलकं उतरताना तो भार पोटरी उचलते. आणि हे सगळे नवखे होते. दहा वर्षं एकाच ढबीत पळणाऱ्याला ती बदलायला लावावी का, हे त्या प्रयोगानं विचारलेलंच नाही.