गहाण : पकड नेमकी कशात?

गृहकर्जामुळे पुण्यात ‘मॉर्गेज’ सगळ्यांना माहीत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘मेलेलं तारण’. आपलं ‘गहाण’ मात्र संस्कृत ‘ग्रहण’वरून आलं, म्हणजे धरणं, पकडणं.

ही पकड कशात होती, ते पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात दिसलं. १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. राग मुख्यतः कागदावर, कारण कोर्टात बोलायचा तो कागदच. त्यामागचा हिशोब सहसा कुणी बघत नसे. १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने तो हिशोब मुळापासून तपासायला लावला, शेतकऱ्याला कर्जापायी होणारी कैदही थांबवली. सावकारी पाश सुटला नाही, पण गाठ कुठे आहे ते सरकारला मान्य करावं लागलं.