जहागिरी थोरांच्या, आडनाव धाकट्यांचे

खानदेशातल्या सर्वांत नामवंत जहागीरदाराने जहागीरदार हे आडनाव कधी लावले नाही. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, फिरोजशहा तुघलक शिकारीच्या नादात वाट चुकला, भुकेने व्याकूळ झाला, तेव्हा मलिक राजा नावाच्या एका साध्या स्वाराने जवळ होते नव्हते ते त्याच्यापुढे ठेवले. त्याचे बक्षीस म्हणून १३७० मध्ये मलिक राजाला थाळनेर आणि करवंदचा मुलूख मिळाला. ही दोन्ही गावे आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहेत. शिकारीची गोष्ट खरी की दरबारी, हा प्रश्न बाजूला ठेवू. तापीकाठच्या त्या जहागिरीतून एक स्वतंत्र राज्य उभे राहिले आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत ते टिकले, एवढे मात्र पक्के. त्या घराण्याने मिरवले ते फारुकी हे नाव, खलिफा उमर फारूक यांच्याशी सांगितलेल्या नात्याचे. (फिरिश्त्याचा ग्रंथ इंग्रजीत आणणारा जॉन ब्रिग्ज हाच १८१८ मध्ये धुळ्यात ठाण मांडून बसलेला कंपनी सरकारचा अधिकारी. खानदेशचा कारभार हाकणाऱ्याला खानदेशच्या सुलतानांचा इतिहासही उलगडावासा वाटला, हे त्या काळातल्या इंग्रजांना शोभण्यासारखेच.)

जहागीरदार हे आडनाव नखशिखान्त फारसी आहे. ‘जा’ म्हणजे जागा, ‘गीर’ म्हणजे धरणारा आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा. मधला ‘ह’ एवढाच मराठी दफ्तराने आपल्या पदरचा घातला. म्हणून साहजिकच दोन समजुती रूढ झाल्या. एक, हे आडनाव फारसी बोलणाऱ्या राजवटींच्या काळातले असणार. आणि दुसरी, ज्याची जहागीर मोठी त्याचे हे आडनाव असणार. माझ्या मते दोन्ही चुकीच्या आहेत. हे आडनाव बहुतांशी मराठेशाहीत तयार झाले, इंग्रजी अमलात कागदावर पक्के झाले, आणि ते चिकटले ते एका-दोन गावांपुरत्या जहागीरदारांना. मोठे जहागीरदार त्यातून जवळजवळ सगळे सुटले.

आधी काळाचा मुद्दा. खानदेश मोगलांचा सुभा झाला तेव्हा तिथे जहागिरी भरपूर होत्या, पण मोगली जहागीर म्हणजे मनसबदाराच्या पगाराची तजवीज होती. अमुक परगण्याचा वसूल अमुक मनसबदाराने घ्यावा, एवढाच तिचा अर्थ, आणि साधारण तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. आज नंदुरबार परगणा, उद्या माळव्यातला कुठला तरी. सतराव्या शतकात हिंदुस्थानात राहून गेलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्याने तर इथली शेती खालावण्याचे एक कारण हेच दिले आहे: उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या जमिनीची आज काळजी कोण घेणार? बापाची जहागीर मुलाला मिळेलच याची शाश्वती नसेल, तर तिच्यावरून घराण्याचे नाव पडायला वेळच मिळत नाही. रजपुतांच्या वतन-जहागिरींसारखे अपवाद होते, पण ते राजपुतान्यातले. त्याच काळात परगण्याची देशमुखी, देशपांडेपण आणि गावची पाटीलकी मात्र पिढ्यानपिढ्या चालत होती, आणि त्यांची आडनावे झाली. सरकार कोणती भाषा बोलते याच्याशी आडनावाला कर्तव्य नसते. हक्क बापाकडून मुलाकडे जातो की नाही, एवढेच ते पाहते.

१७५२ चा भालकीचा तह आणि १७६० ची उदगीरची लढाई यांनी खानदेश टप्प्याटप्प्याने मराठ्यांकडे आला आणि चित्र बदलले. कागदोपत्री सरंजाम हा चाकरीपुरता आणि इनाम वंशपरंपरेचे, असा भेद होता. पण सरंजामही प्रत्यक्षात बापामागून मुलाकडेच जाऊ लागला, आणि लोक बोलताना दोन्हींना सर्रास जहागीर म्हणू लागले. शब्द मोगलांचा राहिला आणि वस्तू बदलली. बदलीची रोजंदारी जाऊन घरची मालमत्ता आली. आडनाव रुजायला लागते ती जमीन इथे तयार झाली.

आता दुसरा मुद्दा, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. मराठेशाहीत खानदेशात ज्यांच्या मोठाल्या जहागिरी होत्या त्यांची यादी करून पाहावी. मल्हारराव होळकर लहानपणी खानदेशातल्या तळोद्याला मामाच्या घरी वाढले, पुढे या मुलखाचा मोठा भाग त्यांच्या घराण्याकडे आला, पण आडनाव राहिले ते नीरेकाठच्या होळ गावाचे. (विजया जहागीरदार यांनी ‘कर्मयोगिनी’ लिहिली ती अहिल्याबाई होळकरांवर. लेखिकेच्या आडनावात जहागीर आहे आणि नायिकेच्या आडनावात नाही, ही गंमत इथे नोंदवण्याजोगी.) विंचूरकरांचे मूळ आडनाव दाणी. विठ्ठल शिवदेवांना विंचूर मिळाल्यावर घराणे विंचूरकर झाले. पारोळ्याचे जहागीरदार नेवाळकर. गावाला तटबंदी आणि किल्ला याच घराण्याने दिला, याच घराण्याची एक शाखा झाशीच्या गादीवर बसली, आणि १८५३ मध्ये गंगाधररावांनी दत्तक घेतलेला मुलगा पारोळ्याच्या शाखेतल्या वासुदेवरावांचा. १८५७ नंतर इंग्रजांनी पारोळ्याची जहागीर खालसा केली. त्या दिवसापर्यंत ते जहागीरदार होते आणि आडनावाने नेवाळकरच राहिले.

हे असे का व्हावे, याचे उत्तर मला ‘कर’ या प्रत्ययात दिसते. ‘कर’ लागणारे आडनाव बाहेरचे लोक ठेवतात. विंचूरकरांना विंचूरकर म्हणणार ते पुण्यातले लोक. खुद्द विंचुरात तसे म्हणण्यात अर्थच नाही, कारण तिथला प्रत्येक जण विंचूरचाच. ज्या सरदाराचा वावर पुण्याच्या दरबारात, छावणीत, दिल्लीच्या वाटेवर, त्याला ओळखायला गावाचे नाव सोयीचे. उलट ज्याचे सगळे जग एका गावात मावते, त्याला गावकरी गावाच्या नावाने हाक मारू शकत नाहीत. तिथे तो एकटाच जहागीरदार, म्हणून ‘जहागीरदार’ एवढे म्हटले की पुरते. एखाद्या ठिकाणी जो हुद्दा एकाकडेच असतो, त्याच ठिकाणी त्या हुद्द्याचे आडनाव होते. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या घरालाही त्याच न्यायाने हेच नाव पडते, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो.

यावर पहिला आक्षेप तयार आहे: पेशवे, फडणीस हे काय लहान होते? भटांचे पेशवे झाले, भानूंचे फडणीस झाले, आणि दोन्ही शब्द फारसीच. पण हाच आक्षेप वरच्या नियमाला बळ देतो. दरबारात पेशवा एक असतो आणि फडणीसही एक. पुण्यात ‘नाना फडणीस’ म्हटल्यावर कोण, हे विचारावे लागत नसे. जहागीरदार मात्र त्याच दरबारात पंगतीच्या पंगती बसलेले. तिथे त्या शब्दाने कुणाचीच ओळख पटत नव्हती.

दुसरा आक्षेप भाषेचा. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री झाला, डबिराचा सुमंत झाला. फारसीचे प्रमाण किती उतरले हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी मोजून दाखवले: १६२८ च्या एका पत्रात २३६ शब्दांपैकी २०२ फारसी, १६७७ च्या पत्रात १३५ पैकी ५१, आणि १७२८ च्या पत्रात १२७ पैकी अवघे ८. राजवाड्यांची अखेर धुळ्यात झाली आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले, तेव्हा खानदेशापुरता हा पुरावा घरचाच म्हणायचा. मग भाषा अशी मराठी होत असताना फारसी आडनावे मागे कशी उरली? कारण पत्राची भाषा लेखनिकाच्या हातात असते आणि सनदेची भाषा हक्कदाराच्या पोटाशी बांधलेली असते. सनदेत जो शब्द आहे तोच वारसाने सांगायचा. शब्द बदलला तर उद्या कुणी तरी विचारणार, की तुमचा आणि या कागदाचा संबंध काय? अमात्य झालेल्या मुजुमदारांच्या वंशजांतही मुजुमदार हे आडनाव मराठी मुलखात आज सुखाने नांदते आहे.

तिसरा आक्षेप असा येईल की मुसलमान घराण्यांतही जहागीरदार आडनाव आहे, आणि ते तरी जुन्या सलतनतींपासूनचे असेल. त्यांची जमीन जुनी असू शकते, हे मान्य. पीर, दर्गा, काझी यांना दिलेल्या जमिनी मोगलाईतही बऱ्याचशा वंशपरंपरेने चालत, आणि १६९० मध्ये औरंगजेबाने अशा मदद-इ-माश जमिनींचा वारसा रीतसर मान्य केला. मराठ्यांनीही त्यातल्या कित्येक सनदा पुढे चालवल्या. पण जमीन जुनी म्हणून आडनाव जुने ठरत नाही. जुन्या मराठी कागदात माणूस कसा लिहिला जाई ते पाहा: ‘अमुक वलद तमुक’, ‘अमुक बिन तमुक’, पुढे मौजे, परगणा. बापाचे नाव आणि गाव सांगितले की ओळख पुरी. हुद्दा त्या माणसाचे विशेषण म्हणून येतो, घराण्याचे नाव म्हणून नव्हे. विशेषणाचे आडनाव होण्याची क्रिया हिंदूंत आणि मुसलमानांत एकाच वेळी, एकाच कारणाने घडली. म्हणूनच ते आडनाव कोणत्याही एका जातीचे किंवा धर्माचे नाही.

ते कारण म्हणजे इंग्रजी कागद. लहान हक्कदार कसा तयार होई याचा नमुना धुळ्यातच आहे. १८०३ चा दुष्काळ आणि होळकरांची लुटालूट यांनी धुळे ओसाड पडले, तेव्हा ते पुन्हा वसवले बाळाजी बळवंत या विंचूरकरांच्या आश्रिताने. त्याबद्दल विंचूरकरांनी त्याला इनाम जमिनी दिल्या आणि पुढे लळिंग-सोनगीरचा कारभारही सोपवला. मोठ्याच्या मुलखात धाकट्याचे इनाम, अशी ही उतरंड. १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांचा खानदेश इंग्रजांकडे गेला. दख्खनचा कमिशनर एल्फिन्स्टन याने जुने हक्क शक्यतो राखले, पण १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि प्रत्येकाला सनद, वंशावळ आणि कैफियत घेऊन उभे राहावे लागले. हजारोंचे हक्क बुडाले. १८६३ च्या कायद्यांनी उरलेल्यांना ठरावीक जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, भरून जमीन कायम करून घेण्याची वाट मिळाली. पुण्यातले पेशवे दफ्तर ज्या इमारतीत आहे तिचे नाव एलिएनेशन ऑफिस, म्हणजे सरकारी वसुलातून सुटलेल्या जमिनींची कचेरी. कमिशनपुढे टिकलेल्या घराला ‘जहागीरदार’ हा शब्द म्हणजे जिंकलेल्या खटल्याचा दाखला झाला. त्याच सुमारास शाळा, कोर्ट आणि नोकरीचे तक्ते नाव, बापाचे नाव, आडनाव असे तीन रकाने मागू लागले. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे, हे अशा घराला कुणी सांगायला नको होते.

यावर कुणी म्हणेल, हा निव्वळ मिरवण्याचा सोस होता. थोडा होताच. पण नुसत्या मिरवण्याने आडनाव पसरत असते तर खानदेशात जहागीरदारांचाही पाटलांसारखा सुळसुळाट झाला असता. जळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावची मतदारयादी उघडली तर पाटलांची रांग लागते, कारण पाटीलकी गावोगाव होती आणि भाऊबंदांत वाटली गेली तसे नावही प्रत्येक वाटेकऱ्याने नेले. जहागीरदार तुरळकच राहिले.

आजचा पसारा याच इतिहासाला धरून आहे. खानदेशात हे आडनाव खेड्यापेक्षा धुळे-जळगावसारख्या शहरांत अधिक सापडणार, आणि तिथून पुणे, नाशिक, मुंबईकडे गेलेले, कारण १९४८ च्या कूळकायद्यानंतर आणि १९५० च्या दशकातल्या इनाम-वतन रद्द करणाऱ्या कायद्यांनंतर गावात राहण्याचे कारण संपले आणि शिकलेली पिढी आधीच नोकरीच्या वाटेला लागली होती. अजिंठ्याचा डोंगर ओलांडून मराठवाड्यात उतरले की आडनाव तेच, पण त्याचे वय वेगळे. तिथे निजामी अमलात जहागीर हा चालता कारभार होता, आणि तो संपला १९४९ मध्ये, हैदराबादच्या एका फर्मानाने, एका फटक्यात. घाटाच्या अलीकडच्या जहागीरदाराचा हक्क त्याच्या पणजोबाच्या वेळीच जुडीत अडकून जमीनदारीइतका उरला होता. पलीकडच्याचे वडील कदाचित अजून वसूल घेत होते. दक्षिणेला सोलापूर, विजापूर, धारवाडकडे आदिलशाही-मराठा इनामांच्या मुलखात हे आडनाव मराठी आणि कानडी दोन्ही घरांत मिळते. कानडी नाटककार श्रीरंग यांचे मूळ आडनाव जहागीरदारच. पुढे त्यांनी ते टाकून आद्य रंगाचार्य हे नाव घेतले. असे टाकणारे थोडे. बहुतेकांनी ठेवले, आणि त्यातल्या ज्याला आपले कूळ शोधायचे असेल त्याने पेशवे दफ्तरात ‘जहागीरदार’ शोधण्यात वेळ घालवू नये. गावाचे नाव, कुलदैवत आणि शाळेच्या दाखल्यावर येण्याआधीचे घराण्याचे जुने आडनाव, या तिन्हींनी त्याचा कागद लवकर हाती येईल.