चार काठ्यांवरचे जंगल

मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर उभे आहे. त्याचे लाकूड मलबारी सागाचे. अशी जहाजे तरंगत राहिली, पण ज्या रानांतून साग आला ती रानेच विरळ होत गेली. १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगलांची जबाबदारी दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे देण्यात आली, ती याच काळजीतून. तोवर कंपनीची नजर ब्रह्मदेशाकडे वळलेली होती. तेनासरीमची सागवने मौलमीनच्या व्यापाऱ्यांनी पार ओरबाडली होती. १८५२ च्या युद्धानंतर पेगू प्रांत ताब्यात आला, तेव्हा तिथेही तेच होणार हे उघड दिसत होते.

१८५६ साली पेगूच्या जंगलांचा अधीक्षक म्हणून डीट्रिख ब्रँडिस रुजू झाले. बॉनच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारा हा तिशीतला जर्मन. जंगल अफाट आहे, कितीही तोडा, हा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद खोडायला त्यांच्याकडे एकही आकडा नव्हता. आणि झाड न् झाड मोजायचे तर आयुष्य पुरले नसते.

त्यांनी काय केले, याची हकिकत अमेरिकी वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो यांच्या आठवणींत आहे. विद्यार्थिदशेत ते म्हाताऱ्या ब्रँडिस यांना युरोपात भेटले होते. ब्रँडिस हत्तीवर बसून रानातून जात. डाव्या हातात चार काठ्या, उजव्या हातात खिशातला चाकू. वाटेपासून सुमारे २०० फुटांच्या आत साग दिसला की त्याच्या जाडीप्रमाणे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या काठीवर एक खाच. ब्रह्मदेशाच्या पावसात हातात कागद टिकणे शक्यच नव्हते. गोष्ट सांगून सांगून थोडी घोटीव झाली असेल, पण पद्धत खरी. वाटेची लांबी माहीत, दोन्ही बाजूंच्या पट्ट्याची रुंदी माहीत. म्हणजे क्षेत्रफळ माहीत. त्यात किती खाचा पडल्या, यावरून साऱ्या रानाचा अंदाज बांधायचा.

खरी मेख त्यापुढच्या हिशेबात आहे. ६ फूट आणि त्याहून जास्त घेराचे झाड पहिल्या प्रतीचे, तोडण्याजोगे. त्याखालच्या प्रतीचे झाड त्या घेराला पोचायला किती वर्षे लागतात? सागाच्या बुंध्यात वर्षावर्षाची वलये स्पष्ट उमटतात. उष्ण कटिबंधातल्या फार थोड्या झाडांत ती इतकी नीट वाचता येतात. ब्रँडिस यांचा हिशेब आला २४ वर्षांचा. मग आज उभ्या असलेल्या पहिल्या प्रतीच्या झाडांपैकी दरवर्षी चोविसावा हिस्साच तोडायचा. ती संपेपर्यंत दुसऱ्या प्रतीची झाडे त्यांच्या जागी आलेली असतील. व्याज खावे, मुद्दल राखावे, हा सावकारालाही पटणारा हिशेब. शिवाय घाई करून चालणारे नव्हतेच. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून बुंध्याभोवती खोल खाच पाडून तो दोन-तीन वर्षे उभ्या-उभ्या वाळवावा लागे; तेव्हा कुठे ओंडका नदीतून तरंगत रंगूनला पोचायचा. कोणते झाड तोडायचे हे तोडीच्या कितीतरी आधी ठरवावे लागे.

या मोजणीत एक कच्चा दुवा होता. हत्तीची वाट हत्तीच्या सोयीने जाते, आणि रान वाटेच्या सोयीने वाढत नाही. आपल्या सह्याद्रीत एखाद्या सोंडेवरून सरळ चालत गेलो तर कोरड्या माथ्यावरचीच झाडे भेटत राहतील. शेजारच्या घळीतले दाट रान वहीत येणारच नाही. म्हणून पुढे मोजणीच्या पट्ट्या ओढ्यापासून धारेपर्यंत, चढाला धरून आखण्याची रीत पडली. पण त्यातही चांगले रान दिसले की मोजणाऱ्याचे पाय तिकडे वळतातच. त्यावर उपाय एकच, जागा माणसाने निवडायचीच नाही.

१९६५ साली सुरू झालेल्या देशव्यापी वनसंपत्ती पाहणीतून १९८१ मध्ये डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उभी राहिली. तिच्या जुन्या पद्धतीत नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या अडीच-अडीच मिनिटांचे जाळे टाकत. बिंदू जिथे पडेल तिथे जायचे, मग तो काटेरी जाळीत असो की कड्याच्या पायथ्याशी. तिथे ०.१ हेक्टरचा चौकोन आखायचा, बाजू ३१.६२ मीटर. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, खोडाची जाडी घ्यायची. उतारावर मोजायचे ते चढाच्या बाजूने. या शतकाच्या सुरुवातीला त्यात छोट्या चौकटींची भर पडली: ३ मीटरच्या चौकटीत झुडपे, १ मीटरच्या चौकटीत गवत आणि तण.

या छोट्या चौकटी मला मोठ्या चौकोनाहून महत्त्वाच्या वाटतात. पेगूच्या चारही काठ्या सागाच्याच होत्या. त्याच रानात पिंकाडो होता, आपल्याकडच्या जांभ्याचा भाऊबंद, लोखंडासारख्या लाकडाचा. त्याला काठी नव्हती. बांबूची बेटे होती. ती फक्त साग दिसण्याच्या आड येत. करेन लोकांची डोंगरउतारावरची फिरती शेती होती. तिची दखल घेतली गेली ती सागाला धोका म्हणून, आणि पुढे त्याच शेतांत करेनांकडूनच मजुरी देऊन साग लावून घेण्यात आला. मोजणीला निघण्याआधी किती काठ्या घ्यायच्या हे जिथे ठरते, तिथेच कोणते झाड पुढच्या शंभर वर्षांच्या कागदांत राहणार तेही ठरते. व्यापाऱ्यांपासून साग वाचवायला सागच मोजणे भाग होते, हेही खरे. ब्रँडिस यांना दोष द्यायचा तर तो जपून द्यावा लागेल.

कारण हा मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १८६४ साली ते हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले महानिरीक्षक झाले, १८८३ मध्ये निवृत्त झाले, आणि उतारवयात त्यांनी ‘इंडियन ट्रीज’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९०६ साली निघाला. पुढच्याच वर्षी बॉनमध्ये ते वारले. त्या ग्रंथात नुसते वृक्ष नाहीत. झुडपे, लाकडी वेली, ताडमाड, बांबू, सगळे आहे. पिंकाडोही आहे.